पेटी आज उचलतील, वीस वर्षांनी उघडतील

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण अर्धी वाचून कमेंट करू नका.

परवा मी क्वांटम कॉम्प्युटर आणि आपल्या जिल्ह्यातल्या सरकारी नोंदी यावर चार ओळी टाकल्या होत्या. खाली पहिलीच कमेंट आली, "दादा, पंधरा-पंधरा दिवस नळाला पाणी नाही अन् तुम्ही क्वांटम घेऊन बसलात." माझ्या पोस्टपेक्षा त्या कमेंटला जास्त लाइक पडले. राग नाही आला. पाण्याचा प्रश्न खरा आहे, त्यावर मीही लिहितो, मोर्चालाही येतो. पण "आधी पाणी, मग बाकीचं" या एका वाक्याखाली या जिल्ह्यात किती गोष्टी गाडल्या गेल्या, याचा हिशेब कधीतरी मांडायला पाहिजे. आज त्यातली एकच मांडतो.

मुद्दा साधा आहे. आज कुलूप लावून पाठवलेली माहिती कुणीतरी आजच उचलून ठेवू शकतं. कुलूप तोडणारं यंत्र दहा-वीस वर्षांनी आलं की तेव्हा ती निवांत वाचू शकतं. त्या दिवशी आपण कितीही भारी कुलूप आणलं तरी उपयोग नाही, कारण पेटी आधीच त्यांच्या घरात असणार.

जुना कागद कधी बोलायला लागेल हे सांगता येत नाही, ही गोष्ट बीडकरांना मी नव्याने काय सांगावी? सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली. रेकॉर्ड रूममध्ये धूळ खात पडलेले मोडीतले, उर्दूतले कागद बाहेर आले. मोडी वाचणाऱ्या माणसाला अचानक भाव आला. ज्या कारकुनाने ती ओळ लिहिली, त्याला स्वप्नात तरी वाटलं असेल का, की आपल्या या एका शब्दावर पुढे कुणाच्या पणतवंडाचा दाखला ठरणार आहे? तिथे जुना कागद लोकांच्या कामाला आला. पण कागद कुणाचा नोकर नसतो. जो वाचायला शिकतो, त्याच्या कामाला तो येतो.

पेशवे दफ्तराचंच बघा. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि रुमालात बांधलेले सगळे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्यातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाईंनी संपादित करून बाहेर काढले ते १९३० च्या दशकात. म्हणजे शंभर वर्षांहून जास्त काळाने कुणाचं कर्ज, कुणाची फितुरी, कुणाच्या घरातलं भांडण, सगळं छापून आलं. लिहिणारे मेले होते म्हणून निभावलं. इतिहासाचा फायदाच झाला. पण आपल्या नोंदी ज्यांच्या आहेत ती माणसं वीस वर्षांनी जिवंत असणार आहेत. फरक तिथे आहे.

दुसरी गोष्ट पानिपतची. नानासाहेब पेशव्यांना पराभवाची बातमी कळली ती सावकारी भाषेतल्या पत्रातून, असं आपण लहानपणापासून ऐकतो. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत मेलेल्या माणसांचा हिशेब दिलेला. वाटेत पत्र पकडलं गेलं तर शत्रूला वाटावं की सावकाराचा तोटा झालाय. आज शाळेतलं पोरगंसुद्धा सांगतं की दोन मोती म्हणजे विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ. मग ते गुपित फसलं का? नाही. ते गुपित थोडे दिवस टिकायचं होतं आणि तेवढं ते टिकलं. कुलूप चांगलं की वाईट, हे गुपित किती दिवस टिकवायचंय त्यावर ठरतं. ही एक गोष्ट लक्षात राहिली तरी ही पोस्ट वाचल्याचं सार्थक झालं म्हणा.

आता कुलपाकडे येतो. घाबरू नका, दोन परिच्छेदांत संपवतो.

देवळातली दानपेटी डोळ्यासमोर आणा. पैसे कुणीही टाकू शकतं, काढू शकतो तो फक्त चावीवाला विश्वस्त. इंटरनेटवरची बरीच कुलपं अशीच असतात. ती उभी आहेत एका गणितावर. ८९ गुणिले ९७ किती, हे पाचवीचं पोरगं कागदावर सोडवेल: ८,६३३. पण नुसतं ८,६३३ देऊन "हा कोणत्या दोन संख्यांचा गुणाकार आहे, शोध" म्हटलं तर घाम फुटेल. आता ८,६३३ च्या जागी ६१७ आकडी संख्या ठेवा. हेच ते आरएसए-२०४८ कुलूप. आजचे जगातले सगळे कॉम्प्युटर जुंपले तरी ते उघडत नाही. पण १९९४ मध्ये पीटर शोर नावाच्या अमेरिकी गणितज्ञाने कागदावर दाखवून दिलं की पुरेसा मोठा क्वांटम कॉम्प्युटर असेल तर हे गणित झटक्यात सुटतं. आरएसएचा भाऊबंद असलेलं, मोबाईल ॲपमध्ये वापरतात ते इलिप्टिक कर्व्हचं कुलूपही त्याच पद्धतीने उघडतं.

इथे एक बारकावा आहे. तुमचा संदेश, फोटो, फाइल यांना थेट हे कुलूप लागत नाही. आतला माल एईएस नावाच्या दुसऱ्या कुलपात असतो, आणि ते क्वांटमपुढेही बऱ्यापैकी टिकतं. पण त्या एईएसची चावी पाठवताना ती आरएसएच्या किंवा इलिप्टिक कर्व्हच्या डबीत घालून पाठवतात. तिजोरी मजबूत आहे, पण तिची चावी पत्र्याच्या डबीत आहे, आणि चोर डबी अन् तिजोरी दोन्ही उचलून नेतोय.

"उचलून नेतोय हे कशावरून?" बरोबर प्रश्न. एडवर्ड स्नोडेनने २०१३ मध्ये जी कागदपत्रं बाहेर काढली, त्यात अमेरिकेच्या एनएसए या हेरखात्याचा नियमच होता: कुलूपबंद संदेश उघडण्यासाठी लागेल तितका काळ ते ठेवून घेता येतात. त्याच्याही आधी, १९४३ मध्ये अमेरिकेने सोव्हिएत रशियाच्या सांकेतिक तारा फोडायचं काम हातात घेतलं आणि ते १९८० पर्यंत चालू ठेवलं. वेनोना नावाचा प्रकल्प होता तो. युद्ध संपलं, स्टालिन गेला, तरी हे बसून जुन्या तारा फोडत होते. तेव्हा कागद ठेवायला कपाटं लागायची. आता हार्डडिस्क लागते आणि ती स्वस्त आहे. ज्यांनी तेव्हा केलं ते आता करत नसतील, असं समजणं म्हणजे डोळे मिटून दूध पिणं.

यंत्र आज तयार आहे का? नाही. ठामपणे सांगतो, आज असं यंत्र जाहीरपणे कुणाकडेही नाही. आयबीएमने डिसेंबर २०२३ मध्ये ११२१ क्यूबिटची चिप दाखवली, आणि तीही चुका करणारी. पण दिशा बघा. आरएसए-२०४८ तोडायला साधारण २ कोटी क्यूबिट लागतील, असा हिशेब गूगलच्या क्रेग गिडनी यांनी एका सहकाऱ्यासोबत २०१९ मध्ये मांडला होता. मे २०२५ मध्ये गिडनी यांनीच नवा हिशेब दिला: १० लाखांपेक्षा कमी क्यूबिट आणि आठवड्याच्या आत काम. सहा वर्षांत गरज विसाव्या हिश्श्यावर आली, आणि ती नुसत्या डोक्याने आली. यंत्र पुढे सरकतंय आणि गणित मागे सरकून त्याला भेटायला येतंय.

आता माझा आवडता मुद्दा. शोरने शोध लावला १९९४ मध्ये. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, आपल्या नगर–बीड–परळी रेल्वेला मंजुरी मिळाली. बीडला पहिली गाडी आली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. तीस वर्षं. आणि परळीपर्यंतचं काम अजून बाकीच आहे. मिशेल मोस्का नावाच्या कॅनडातल्या गणितज्ञाने या विषयावर एक सोपा हिशेब सांगितलाय: गुपित किती वर्षं टिकवायचंय आणि कुलूप बदलायला किती वर्षं लागणार, यांची बेरीज करा. ती बेरीज यंत्र यायला लागणाऱ्या वर्षांपेक्षा जास्त असेल, तर तुम्ही आजच हरलेला आहात. मला सांगा, ज्या जिल्ह्यात रूळ टाकायला तीस वर्षं लागली, तिथल्या प्रत्येक कार्यालयातलं, दवाखान्यातलं, रेशन दुकानातलं कुलूप बदलायला किती वर्षं धरायची? पाच धरता? तुमच्या तोंडात साखर पडो.

"पण आमच्या जिल्ह्यात असं काय गुपित आहे?" असं विचारणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

२०१९ मध्ये आपल्या जिल्ह्याचं नाव देशभर गाजलं ते ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्यांवरून. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. सर्वेक्षण झालं ८२,३०९ महिलांचं. त्यात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. हा आकडा बाहेर आला ते उत्तमच झालं. आकडा जाहीरच व्हायला पाहिजे, चौकात लावायला पाहिजे. पण त्या प्रत्येक आकड्यामागे एक नाव आहे, गाव आहे, वय आहे. जी बाई तेव्हा पंचवीस वर्षांची होती, ती २०४४ मध्ये पन्नास वर्षांची असेल. तिच्या आजाराची, ऑपरेशनची, गर्भपाताची नोंद तिच्या परवानगीशिवाय कुणी वाचू नये, एवढा तरी तिचा हक्क आहे का नाही? म्हणजे हे गुपित किमान पन्नास वर्षं टिकायला पाहिजे. आकडा सगळ्यांचा आणि नाव तिचं. आपण नेमकं उलटं करतो. आकडा दाबतो आणि नावांची यादी ग्रुपवर टाकतो.

हे हवेत बोलत नाही. काही वर्षांपूर्वी एका ग्रुपवर मला एक पीडीएफ आली. बायकांची नावं, वय, गाव, मोबाईल नंबर आणि पुढच्या रकान्यात तपासणीत काय निघालं ते. कुठल्या खात्याची होती, ते लिहीत नाही. पाठवणाऱ्याला फोन केला तर म्हणाला, "साहेबांनी संध्याकाळपर्यंत माहिती मागितली होती, काय करू?" त्याचाही दोष किती धरायचा? मी ती पुसली. बाकीच्या शंभर-दीडशे फोनमध्ये ती अजून असेल.

दुसरं, बोटांचे ठसे. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी दिलं गेलं ते आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात. तेव्हापासून रेशन दुकानात, बँकेत, अनुदानाला, सगळीकडे अंगठा. कोयता धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात, त्यांना मशीनवर पाच-पाच वेळा बोट दाबावं लागतं, हे तुम्ही बघितलंय. त्या प्रत्येक दाबण्याला ठसा कुलूपबंद होऊन निघतो. आधारच्या जाहीर तांत्रिक कागदपत्रांतच लिहिलंय की ठशाची माहिती एईएसमध्ये आणि तिची चावी आरएसए-२०४८ मध्ये. म्हणजे वर सांगितलेली तीच तिजोरी आणि तीच डबी. पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोट कुठून बदलणार?

तिसरं, साक्षीदार. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून खून झाला. त्यानंतर या जिल्ह्यात तोंड उघडणं म्हणजे काय, हे मी कुणाला समजावून सांगायची गरज नाही. कोण कुणाला काय बोललं, कुणी पोलिसांना फोन केला, कुणी वकिलाला निरोप पाठवला, कुणी पत्रकाराला फोटो दिला, हे सगळं आज मोबाईलमधून जातं. खटले वर्षानुवर्षं चालतात. अपील होतं. माणसं जेलमधून सुटून येतात. नावाचं गुपित निकालापुरतं टिकून भागत नाही. ते त्या माणसाच्या हयातभर टिकायला पाहिजे, आणि त्याच्या पोरांच्याही.

आता तुमचे आक्षेप. कमेंटमध्ये येणारच आहेत, म्हणून आधीच घेतो.

पहिला आक्षेप: "ऊसतोड बाईची माहिती कोणत्या हेराला पाहिजे?" कुणालाच नको. पण जाळं टाकणारा एकेका माशाला नाव विचारून जाळं टाकत नाही. अख्खी केबल उपसली जाते, त्यात मंत्र्याचंही येतं आणि मुकादमाचंही. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि एवढं मोठं हॉस्पिटल कित्येक दिवस कागद-पेनावर चाललं. रुग्णांच्या नोंदींना किंमत आहे, हे चोरांना कळलंय, आपल्याला अजून कळायचंय. मान्य आहे की पहिली काही वर्षं ते यंत्र बड्या देशांकडेच असेल. पण एकदा उघडलेली माहिती फिरत फिरत खाली येते. विमावाला, सावकार, निवडणुकीतला विरोधक, सोयरीक मोडायला बसलेला भाऊबंद, यांना ती विकत मिळायला लागली की मग बोलू.

दुसरा आक्षेप, आणि हा सगळ्यात दमदार आहे: "अहो, दार सताड उघडं आहे. याद्या व्हॉट्सॲपवर फिरतायत, आधारच्या झेरॉक्समध्ये भजी बांधून मिळतायत, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेत. कुलपाच्या जातीवर काय भांडता?" शंभर टक्के बरोबर. पण यावर उपाय काय? आपल्याकडे कुठली माहिती आहे, कुठे ठेवलीय, कुणाला जाते आणि किती वर्षं जपायची, याची यादी करणं. आता ऐका, क्वांटमच्या तयारीतलं पहिलं कामही तेच आहे. तीच यादी. एकदा बसून केली की दोन्ही कामं होतात. उलट "आधी साधी गळती थांबवू, मग क्वांटमचं बघू" म्हणणाऱ्यांनी साधी गळती तरी कुठे थांबवली?

तिसरा आक्षेप: "यंत्र येणारच नाही, वीस वर्षं झाली ऐकतोय." नसेल येत. विहिरीला कठडा बांधताना कोण पडणार आहे याची खात्री करून कुणी बांधत नाही. आणि ज्यांना या विषयातलं कळतं त्यांनी वाट बघणं सोडलंय. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेने २०१६ मध्ये जगभरातून नवी कुलपं मागवली, आठ वर्षं गणितज्ञांना ती फोडायला लावली आणि १३ ऑगस्ट २०२४ ला त्यातल्या तीन मानकांना अंतिम रूप दिलं. आरएसएसारखी जुनी कुलपं २०३५ नंतर पूर्ण बंद करायची, असा त्यांचा आराखडा आहे. ब्रिटनच्या सायबर संस्थेनेही २०३५ हीच मुदत दिलीय. सिग्नल ॲपने सप्टेंबर २०२३ मध्येच नवं कुलूप बसवलं. ॲपलने २०२४ मध्ये आयमेसेजला बसवलं. गूगल क्रोमने २०२४ मध्येच ब्राउझरमध्ये ते आपोआप चालू केलं. म्हणजे तुमच्या पोराच्या मोबाईलमध्ये ते कदाचित येऊनही बसलंय. प्रश्न समोरच्या सरकारी सर्व्हरचा आहे. कुलपाला दोन्ही बाजू लागतात.

चौथा आक्षेप: "हे दिल्लीचं काम आहे, बीडचं नाही." दिल्ली झोपलेली नाही, हे मान्य करतो. १९ एप्रिल २०२३ ला केंद्राने राष्ट्रीय क्वांटम मिशन मंजूर केलं, २०३०-३१ पर्यंत ६,००३.६५ कोटी रुपये. आपल्या आयआयटी मुंबईकडे त्यातल्या चार केंद्रांपैकी एक आहे. आधारवाल्यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये "आधार व्हिजन २०३२" साठी समिती नेमली, त्यात क्वांटमचा विचार आहे. पण दिल्ली दानपेटी बनवेल. ती कोणत्या देवळात कुठे ठेवलीय, हे दिल्लीला कसं कळणार? कोणत्या तालुक्याच्या दवाखान्यात कोणतं सॉफ्टवेअर आहे, कोणत्या ठेकेदाराने बसवलंय, करार किती वर्षांचा आहे, हे जिल्ह्यालाच माहीत असतं. आज घेतलेलं मशीन २०३५ पर्यंत टेबलावर राहणार. खरेदी करताना एक ओळ घातली नाही, तर पुढची दहा वर्षं जुन्याच डबीत चावी जाणार.

आणि एक धोक्याची सूचना. आता हे नाव गाजायला लागलं की "क्वांटम सेफ" लिहिलेले महागडे डबे घेऊन विक्रेते येतील. नीट ऐका: ही नवी कुलपं वापरायला क्वांटम कॉम्प्युटर लागत नाही. आज टेबलावर आहे त्या साध्या कॉम्प्युटरवर, साध्या मोबाईलवर ती चालतात. गणित बदलतं, यंत्र नाही. बहुतेक ठिकाणी हे काम सॉफ्टवेअर बदलून होतं. उद्या कुणी कोटभराचा डबा गळ्यात मारायला लागला तर ही पोस्ट दाखवा.

डिजिटल सही केलेल्या सातबाऱ्याचं काय, असं एकाने विचारलं होतं. ते कुलूपही बदलावं लागणार आहे. पण तिथे एक दिलासा आहे. यंत्र यायच्या आत नव्या पद्धतीने परत सह्या केल्या की काम भागतं. गुपिताचं तसं नाही. फुटलेलं गुपित परत बंद करता येत नाही. म्हणून मी सातबाऱ्याच्या आधी बाईच्या दवाखान्याच्या कागदावर बोलतोय.

सगळ्यात वाईट गोष्ट अशी की या चोरीत काहीच तुटत नाही. घर फोडलं तर कोयंडा तुटलेला दिसतो. इथे तार जशीच्या तशी, सर्व्हर जसाच्या तसा. डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, सुरक्षा न ठेवणाऱ्याला २५० कोटींपर्यंत दंड आहे. छान आहे. पण चोरी झालीय हे वीस वर्षांनी कळणार असेल, तर दंड कुणाला करणार? तेव्हाचा अधिकारी निवृत्त, ठेकेदार गायब, आणि ती बाई मात्र गावातच.

म्हणून मागण्या. फुकटातल्या आहेत, बजेट लागत नाही.

एक, जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद आणि जिल्हा रुग्णालय यांनी आपापल्या नोंदींची यादी करावी आणि प्रत्येकीपुढे एकच रकाना भरावा: ही माहिती २०३५ नंतरही गुप्त राहायला पाहिजे का? होय किंवा नाही.

दोन, यापुढच्या प्रत्येक सॉफ्टवेअर आणि यंत्रखरेदीच्या टेंडरमध्ये एक अट घालावी, की क्वांटमपुढे टिकणाऱ्या नव्या मानकांचं कुलूप असेल, किंवा ते विनाखर्च बसवून देणं ठेकेदारावर बंधनकारक राहील.

तीन, ज्या माहितीची गरज नाही ती गोळाच करू नका. गरज संपली की पुसा. जी नोंद नाहीच, ती कोणताच क्वांटम कॉम्प्युटर वाचू शकत नाही. यापेक्षा भक्कम कुलूप आजवर कुणी बनवलेलं नाही.

चार, रुग्णांच्या आणि लाभार्थ्यांच्या नावानिशी याद्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं आजपासून बंद. संध्याकाळपर्यंत माहिती मागणाऱ्या साहेबांनी आधी ती पाठवायची नीट वाट करून द्यावी.

आणि आपण काय करायचं? फोनचे अपडेट "नंतर" करून ढकलू नका, नवी कुलपं त्यातूनच येतात. आयुष्यभर जपायचं असं काही बोलायचं असेल, साक्ष असो, आजार असो, तक्रार असो, तर नवं कुलूप असलेलं ॲप वापरा, किंवा सरळ भेटून बोला. आणि दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात "का केलं नाही?" असं विचारू नका, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागा: "गेल्या तीन वर्षांत रुग्णांच्या माहितीसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या करारांमधील माहिती सुरक्षेच्या अटींची प्रत द्यावी." एवढंच. प्रत आली तर कळेल काय आहे. नाही आली तरी कळेल काय नाही.

पाण्याच्या कमेंटवाल्या भावाला शेवटचं. पाणी आज नाही आलं तर टँकर मागवता येतो. पाऊस यंदा नाही पडला तर पुढच्या वर्षाची आशा असते. आपल्या आयाबहिणींच्या नोंदी एकदा उचलल्या गेल्या की त्याला टँकरही नाही अन् पुढचं वर्षही नाही. रेल्वेला उशीर झाला तरी शेवटी गाडी आली, आपण टाळ्या वाजवल्या. या कामाला उशीर झाला तर येणार काहीच नाही, जाणार मात्र सगळं आहे.

पटलं तर अर्ज टाका आणि काय उत्तर आलं ते मला कळवा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच.